बाजाराच्या नळावरचा नंबर

“दीड महिना झाला, मॅडम. आत एक बाई गेली नाय. फक्त एक मांजर व्यालीय,” शेठ म्हणाले. “आता तुम्हीच सांगा, मी तिथं सुताच्या कांड्यांची खोकी ठेवू का नको?”

शेठ ज्या इमारतीबद्दल बोलत होते तिचा प्लॅन मी काढला होता. भिवंडीच्या भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर बांधलेली बायकांची मुतारी. नोकरीतलं मी एकटीने केलेलं पहिलं काम. जागा शेठची, त्यांच्या पॉवरलूमच्या शेडला लागून. त्यांनी ती महिला मंडळाला दिली होती, पण एका अटीवर. वापर झाला नाही तर जागा परत.

माझे बॉस वर्तकसाहेब कन्सल्टिंग इंजिनिअर होते. त्यांनी शेठना चहा पाजला आणि मे संपेपर्यंत मुदत मागून घेतली. शेठ गेल्यावर मला म्हणाले, “शुभदा, मी खचलेल्या भिंती पाहिल्यात, उडालेले पत्रे पाहिलेत. धडधाकट उभी असून बंद पडलेली मुतारी पहिल्यांदाच बघतोय. जा, काय बिघडलंय ते शोधून काढ.”

हे ऐंशीचं दशक संपताना. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, वर्गात एकटी मुलगी. साइटवर माझी सोय नसायची, म्हणून दिवसभर पाणी प्यायचे नाही. त्यामुळे बायकांच्या अडचणी आपल्याइतक्या कुणाला कळणार, असं मला मनापासून वाटायचं. मुतारीचं काम आलं तेव्हा मापं सरळ स्वतःवरूनच घेतली. उंची पाच फूट दोन इंच, अंगात पंजाबी ड्रेस, हातात पर्स. दार दोन फूट, आत तीन बाय साडेतीन. मागच्या बाजूला हौद, त्यातून बादलीने पाणी घ्यायचं. मुतारीला स्वतंत्र नळ घ्यायचा तर बराच वेळ जाणार होता. बाजाराचा सार्वजनिक नळ वीस पावलांवर होता. सफाईची बाई तिथून हौद भरेल, असं मी प्लॅनच्या कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

दार कुठल्या बाजूला हवं हे लेलेबाईंनी ठरवलं. लेलेबाई मंडळाच्या अध्यक्ष, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या समोर आल्या की लोक घंटा न वाजताही सरळ उभे राहायचे. मी दार मागच्या गल्लीत दाखवलं होतं. त्यांनी प्लॅनवर लाल पेनाने फुली मारली.

“पुरुष भर रस्त्यात उभे राहतात. आणि बाईने गल्लीतून चोरासारखं जायचं? दार मुख्य रस्त्यावर.”

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. दार मुख्य रस्त्यावर आलं. समोर चहाचं हॉटेल होतं, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

आठ मार्चला उद्घाटन झालं. लेलेबाईंनी स्त्रीमुक्तीचा इतिहास सांगितला आणि तो चांगला सांगितला, हे मी आजही म्हणेन. मुलींच्या पहिल्या शाळेपासून सुरुवात केली. विधवांचं केशवपन, बालविवाह, संमतिवय. मग विलायतेतल्या बायकांनी मतासाठी भोगलेला तुरुंग, गिरण्यांतल्या बायकांनी कामाच्या तासांसाठी केलेले संप. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेले मोर्चे अजून यायचे होते. ऊन चढत होतं. भाजीवाल्या उभ्या होत्या. बाई विलायतेहून नुकत्याच गिरण्यांत पोचल्या होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला, “बाय, तुमचा मुलूख फिरून झाला का? मना जायाचं हाय.”

ही ताराबाई. अंबाडीच्या बाजूच्या एका गावातून पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन यायची. पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि बाजारभर ऐकू जाईल असा आवाज. सगळे हसले. लेलेबाईंनी इतिहास आवरता घेतला, फीत कापली. मग कळलं की हौद भरायचा राहिलाय. ताराबाई आल्या पावली परत गेली.

तर आता साहेबांनी पाठवल्यावर मी एका सोमवारी सकाळी साडेसहाला बाजारात जाऊन बसले. हातात वही, वहीत रकाने. सात वाजले, आठ वाजले. मुतारीला कुलूप. ताराबाई माझ्याकडे बघून गालात हसत होती.

“कशाची वाट बघतंस?”

“मुतारी उघडायची.”

“ती धाला उघडते. आमी अकराच्या गाडीला जातूं.”

मंडळाचं ऑफिस दहा ते सहा, चावी तिथे, म्हणून मुतारीही दहा ते सहा. बाजार सकाळी सहाला भरून अकराला उठतो, हे भिवंडीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आमच्या मंडळाला सोडून.

त्या दिवशी ताराबाईने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही दोडकी निवडता निवडता. तिला मुतखडा होता. डॉक्टरने बजावलं होतं, रोज तीन-चार तांबे पाणी पी, नाहीतर ऑपरेशन. “घरून निघताना एक घोट पिते, मंग घरी जाऊनच. मदे पियाचं तर जायाचं कुठं? परवा कळ आली, हितंच आडवी झालू. पोरगा बोलतो, बाजार सोड. ही जागा माज्या सासूची हाय. मी चार दिस नाय आलू तं पाचव्या दिवशी दुसरी कोन बसंल.”

मी वही मिटली. मीही पाणी न पिणाऱ्यांतलीच. पण मला खडा झाला असता तर रजा मिळाली असती, आणि माझ्या टेबलावर दुसरं कुणी येऊन बसलं नसतं.

वेळ बदलायला लेलेबाई तयार झाल्या. “सहा वाजता?” एवढंच एकदा विचारलं, आणि चावी सफाईवाल्या शांताबाईकडे दिली. मला वाटलं, झालं काम. दोन दिवस दार सताड उघडं राहिलं. आत फक्त मांजर.

तिसऱ्या दिवशी मी ताराबाईला हाताला धरून आत नेलं. म्हणजे नेत होते. ती दारातच अडकली, कारण डोक्यावर पाटी होती.

“पाटी बाहेर ठेव की.”

“बकरी तुजा बाप हाकलनार?”

पाटी मी धरून उभी राहिले. ती आत गेली आणि आतून ओरडली, “कमरेची पिशवी कुठं ठेवू? लुगडं दोनी हातानी धरायचं, मंग ही काय दातात धरू?” भिंतीला खुंटी नव्हती. मी पर्स खांद्याला अडकवते, म्हणून खुंटीची मला आठवणच झाली नव्हती. ऑफिसात बसून प्लॅन काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्या दिवशी शेळीच माझ्याशी बोलली.

दार रुंद करायचं आणि खुंट्या ठोकायच्या, असं वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात शेठकडे कांड्या भरणारी नसीमआपा शेडमधून बाहेर आली. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची छोटी गुंडाळी. लूमवर ती सारखी संपते, सारखी बदलावी लागते. नसीमआपा आणि आणखी दहा-बारा बायका शेडच्या बाजूच्या खोलीत दिवसभर कांड्या भरायच्या. मी तिला विचारलं, तुम्ही तर भिंतीला भिंत लागून आहात, तुम्ही का येत नाही?

तिने बुरख्याच्या आतून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी शाळेतली पोर आणि ती मास्तरीण.

“सामने देखो. कौन बैठा है?”

समोर चहाचं हॉटेल. शिफ्ट सुटलेले लूमवाले बाकांवर बसलेले.

“मेरा देवर, मेरे ससुर के दोस्त, पूरा मोहल्ला. उनके सामने इस दरवाज़े में घुसूँ? शाम को घर पे पंचायत बैठेगी. इससे अच्छा, दो बार घर जाके आती हूँ. पीछे गली में दरवाज़ा रखते तो क्या बिगड़ता था, मॅडम?”

पीछे गली में. जिथे मी आधी दाखवलं होतं. मी लेलेबाईंना फोन केला. नसीमआपाचं म्हणणं सांगितलं. “म्हणजे तिने लपून जावं, असं तुझं म्हणणं?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “बाई, आपलं तत्त्व बरोबर आहे. पण त्या तत्त्वाची किंमत तिला घरी मोजावी लागते, आपल्याला नाही.” लेलेबाई नुसतं “हं” म्हणाल्या.

मागची भिंत फोडायची तर शेठची परवानगी हवी. ती नसीमआपानेच मिळवली. मला म्हणाली, तुम्ही बोलू नका, तुम्ही बोललात की ते ऑफिसचं होतं. शेठना तिने सांगितलं, “सेठ, हम बारा औरतें दिन में दो बार घर जाती हैं. तब तक कांडी कौन भरता है? और कांडी नहीं तो लूम खड़ा.” शेठनी क्षणभर हिशोब केला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी गवंडी हजर झाला. साहेब म्हणाले, “आपण इंजिनिअरिंगची पुस्तकं उगाच वाचली.”

आता दोन दारं झाली, एक तत्त्वाचं आणि एक वापराचं. रुंदी वाढली, खुंट्या आल्या. बायका एक दिवस आल्या आणि दुसऱ्या दिवशी नाकाला पदर लावून परत गेल्या. भयंकर वास. हौद कोरडा.

मी तडक शांताबाईकडे गेले. शांताबाई चाळिशीची, मितभाषी. रोज पहाटे येऊन झाडू मारायची.

“पाणी का नाही भरत?”

“भरते की. उद्या सात वाजता या.”

दुसऱ्या दिवशी सातला मी नळावर उभी. बाजाराच्या त्या नळाला सात ते आठ पाणी यायचं, बस. भाजीवर मारायला, प्यायला, सगळ्यांना त्याच तासात. शांताबाई पाच मिनिटं आधीच आली होती. पण तिची बादली रांगेत नव्हती. लांब, भिंतीपाशी. रांगेतल्या बायका भरत होत्या, नव्या येत होत्या, त्याही पुढे जाऊन भरत होत्या. मधे एकदा शांताबाईने बादली उचलली. त्याबरोबर ओळखीचा आवाज आला.

“थांब गो. आमचं होऊं दे. नल बाटवू नको.”

ताराबाई.

आठला पाच कमी असताना नळ शांताबाईला मिळाला. दीड बादली भरली आणि धार गेली.

मला संताप आला. ताराबाईला बाजूला घेतलं आणि म्हटलं, मुतारीत घाण का आहे माहीत आहे? तू तिला पाणी भरू देत नाहीस म्हणून. ती म्हणाली, “रीत हाय. मी न्हाय लावली.”

“तुझ्या मुतखड्याला कळते का रीत?”

तिने मान काही खाली घातली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आणि मी कुठल्या तोंडाने बोलत होते? आमच्या घरी मागच्या दाराशी कोनाड्यात एक कानतुटका कप होता. तो कुणासाठी, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या कपाची आठवण मला त्या नळावर, भर बाजारात झाली आणि फार लाज वाटली.

लेलेबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “हा जातीचा प्रश्न आहे, शुभदा. महत्त्वाचाच आहे. पण आपला विषय स्त्रियांचा. दोन्ही एकत्र केले तर गोंधळ होईल.”

“बाई, हौदात पाणी नाही,” मी म्हटलं. “त्यातलं किती पाणी बाईपणामुळे नाही आणि किती जातीमुळे नाही, ते मला प्लॅनवर वेगळं काढून दाखवता येत नाही.”

परवा माझी भाची आली होती, कॉलेजात शिकवते. ‘इंटरसेक्शनॅलिटी’ म्हणजे काय ते मला समजावत होती. बाई ही नुसती बाई नसते, ती अमक्या जातीची, तमक्या धर्माची, गरीब किंवा पैसेवाली अशी सगळी एकदमच असते. आणि म्हणून तिची अडचणही एकेक करून सुटत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, हे आम्ही मुतारीत शिकलो. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

पण तेव्हा मी काही शिकले नव्हते. मला एक इंजिनिअरिंगचा उपाय सुचला होता आणि मी त्यावर खूश होते. शेठच्या शेडमध्ये बोअरवेल होती. तिथून पाइप टाकायचा, थेट हौदात. बाजाराच्या नळाचा संबंधच नाही, भांडण नाही, कुणाची रीत मोडायला नको. शेठ तयार, साहेब तयार. मे संपायला चार दिवस होते.

लेलेबाईंनी सभा बोलावली. आधी मंडळाच्या हॉलमध्ये बारा वाजता म्हणाल्या, मग स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, “नको. बाजारात. साडेसहाला.” आणि खरंच आल्या, स्कार्फ बांधून, उपाशीपोटी. मी पाइपचा प्लॅन सांगितला. ताराबाई खूश. नसीमआपाने मान हलवली. लेलेबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

“मला नको,” शांताबाई म्हणाली.

मला वाटलं तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, तुला आता नळावर जावंच लागणार नाही.

“तेच कळलं ना, ताई. म्हंजे बाजाराच्या नळावर मी कवाच जायचं नाय. आज निदान लांब उभी तरी राहते. उद्या तुम्ही इंजिनिअर लोक पाइप टाकून ते पक्कं करनार.” तिने चावी काढून लेलेबाईंपुढे ओट्यावर ठेवली. “मला रांगेत नंबर पायजे. नायतर सफाईला दुसरी बगा.”

दुसरी कोण मिळणार होती? आणि मिळाली तरी ती कुठे उभी राहणार होती? मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी इतक्या सफाईने अस्पृश्यतेचा प्लॅन काढला होता, आणि तोही बोअरच्या पाण्याची टेस्ट वगैरे लिहून.

लेलेबाई चावीकडे बघत होत्या. “माझ्या शाळेत माठाजवळ एक लांब दांड्याचं वगराळं असायचं,” त्या म्हणाल्या, अगदी हळू. “शिपाई काही मुलींच्या ओंजळीत त्याने वरून पाणी ओतायचा. कुठल्या मुलींच्या, ते मी तीस वर्षं विचारलं नाही. मी त्यांना स्त्री-शिक्षण शिकवत होते.”

मग त्यांनी नाक पुसलं आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. “उद्या सात वाजता. रांग म्हणजे रांग. ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने.”

ताराबाई उठून आपल्या पाटीपाशी गेली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सातला शांताबाईने बादली रांगेत ठेवली. चौथा नंबर. मागे लेलेबाई, हातात घरची प्लास्टिकची बादली, चेहरा परीक्षेच्या हॉलमधला. त्यांच्यामागे नसीमआपा. पुढच्या दोघींनी कुरकुरत भरलं. तिसरी ताराबाई. तिने हंडा भरला, उचलला, आणि नळापुढेच उभी राहिली. मागच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. बाजारात ती बोलेल ते चालायचं. तिने नुसतं “थांब” म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. लेलेबाईंनी तोंड उघडलं, मी त्यांचा हात दाबला.

ताराबाई उभी राहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. पुन्हा पहिल्या पायावर आली. मग एकदम शांताबाईवर खेकसली, “बघतंस काय? भर ना गो! मी आज डॉक्टरचा आयकून तांब्याभर पानी पिऊन आलूं!”

आधी नसीमआपा हसली, मग शांताबाई. शांताबाईला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने बादली नळाखाली लावली. पाच बादल्या, मग लेलेबाईंची सहावी, नसीमआपाची सातवी. सगळ्या हौदात गेल्या. ताराबाई हौदाशी उभी राहून प्रत्येक बादलीला शिव्या घालत होती.

रांगेतल्या दोघी-तिघी पुढे महिनाभर नळ राखेने घासून मग पाणी भरायच्या. ताराबाईही शांताबाईच्या हातचा चहा कधी प्यायली नाही, हे मी पाहिलंय. पण नंबर राहिला. शेठनी खोकी दुसरीकडे ठेवली. ताराबाईचं ऑपरेशन टळलं, जागा तिचीच राहिली.

मी पुढे पुष्कळ इमारती बांधल्या. शिकवायला गेले तेव्हा मुलींना एवढंच सांगायचे, की प्लॅनवर ‘बायकांसाठी’ असं लिहून थांबू नका. कोण येणार, किती वाजता, डोक्यावर काय घेऊन आणि कुणासमोरून, हे विचारा. आणि सगळ्यात आधी हे विचारा की पाणी कोण भरणार, आणि तिला नळावर कितवा नंबर मिळतो. हे तत्त्वाने कुणाला पटलं तर उत्तमच. नाही पटलं तर थोडं थांबा, घाई प्रत्येकालाच लागते.